माउस बाईंच्याच हातात

शनिवारची शाळा सकाळची असते. ती सुटली, मुले घरी गेली, पोषण आहाराची भांडी मोजून ठेवली, की चौथीच्या बाई शाळेला कुलूप लावून तालुक्याच्या गावी येत. सोबत एक कापडी पिशवी. तिच्यात निकालपत्रकाची घडी, हजेरीपट आणि शंभर पानी वही. कापडपेठेतील एका जुन्या दुकानाचा लाकडी जिना चढून त्या माडीवर जात. तेथे पूर्वी मुनीमजींची गादी होती. आता एक टेबल, दोन खुर्च्या आणि संगणक आहे. एका खुर्चीत बाई बसत. शेजारच्या खुर्चीत दुकानाचे थोरले मालक, वय वर्षे एकसष्ट, दोन्ही हातांची घट्ट घडी घालून बसत. त्या घडीला कारण होते; ते पुढे येईलच.

बाईंचे वय त्रेपन्न. सेवानिवृत्तीला पाच वर्षे उरलेली. शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. ज्यांची मुले शहरातील मोठ्या शाळांत शिकतात, अशा पालकांना कदाचित ठाऊक नसेल, की अशा शाळेत लिपिक नसतो आणि शिपाईही नसतो. शिकवणारा शिक्षकच घंटा देतो, तांदळाचा साठा लिहितो आणि कागदपत्रेही करतो. पूर्वी ही कागदपत्रे खरोखरच कागदाची होती. आता तशी राहिलेली नाहीत. विद्यार्थ्यांची माहिती २०१५ पासून राज्याच्या 'सरल' प्रणालीत भरावी लागू लागली. केंद्राचे 'यू-डायस प्लस' निराळे. किती मुले जेवली याची नोंद निराळी. शिष्यवृत्तीचे अर्ज निराळे. बाईंनी एमएस-सीआयटीची परीक्षा फार पूर्वी दिली होती. राज्यात २००१ पासून चालत आलेला हा अभ्यासक्रम सरकारी नोकरांना आवश्यक ठरला, तेव्हा त्याही उत्तीर्ण झाल्या. प्रमाणपत्र कपाटात गेले आणि शिकलेलेही त्याबरोबर कपाटातच गेले, कारण वर्गात त्याचा हात लावायला उपयोगच पडला नाही. पुढे जेव्हा उपयोगाची वेळ आली, तेव्हा वर्षे लोटली होती आणि पडदाही ओळखू न येण्याइतका बदलला होता.

मग बाईंनी तेच केले, जे अनेक शिक्षक करतात. बसस्थानकाजवळच्या एका नेट कॅफेत त्या यादी देत, पासवर्डही देत आणि दर वेळी शे-दोनशे रुपये पदरचे मोजत. काम होऊन जाई. काय झाले ते मात्र कळत नसे.

त्या वर्षी चौथीतील एका मुलीची जन्मतारीख उलटी झाली. ५ जूनची ६ मे. असे का होते, हे हिशेबाचे काम करणाऱ्यांना चांगले माहीत आहे. संगणकावर तारखेची अमेरिकी पद्धत लावलेली असली, तर तो आधी महिना व मग दिवस वाचतो. '०५/०६' हे त्याच्या दृष्टीने मे महिन्याची सहा तारीख. '२५/०६' लिहिले तर पंचविसावा महिना नसल्याने तो ती तारीखच मानत नाही, नुसता मजकूर म्हणून डाव्या कडेला ठेवून देतो. म्हणजे बाराच्या पुढच्या तारखांची मुले वाचतात आणि अलीकडची फसतात. यादी वरवर पाहणाऱ्याला काहीच वावगे दिसत नाही.

मुलीचे वडील कापडपेठेत गाठी वाहण्याचे काम करीत. आधार कार्डावरची तारीख आणि शाळेची तारीख जुळत नाही म्हणून त्यांचा अर्ज अडला, तेव्हा तो कागद वाचून घेण्यासाठी ते दुकानात आले. शेठजींनी कागद वाचला, शाळेत निरोप धाडला. बाई दुसऱ्या दिवशी जनरल रजिस्टरच घेऊन आल्या. त्या रजिस्टरात जन्मतारीख अंकी लिहितात आणि अक्षरीही लिहितात. 'पाच जून दोन हजार चौदा' हे शब्द तेथे बाईंच्याच वळणदार अक्षरात होते. जुन्या लोकांनी अंकी-अक्षरीची ही पद्धत घालून दिली ती उगाच नव्हे. हुंडीवरही रक्कम दोनदा लिहीत. दुरुस्तीचा मार्ग त्या पाच शब्दांनी मोकळा झाला. पण बाई उठल्या नाहीत.

"तारीख मी बरोबरच लिहून दिली होती, शेठजी," त्या म्हणाल्या. "पण तिकडे पडद्यावर काय गेलं, ते मला बघून कळलं नाही. तीस वर्षं पोरांना 'लिहिलेलं पुन्हा वाचून पाहा' म्हणून सांगते आहे. मलाच वाचता आलं नाही." स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज त्यांनी मनात लिहून ठेवला होता, हे त्या दिवशी कळले.

शेठजींच्या मनात पहिल्यांदा आले ते कोणत्याही व्यापाऱ्याच्या मनात येईल तेच : शाळेला एक संगणक भेट द्यावा. बाईंनी नम्रपणे सांगितले, की शाळेत दोन आहेत; दोन्ही प्लास्टिकच्या आवरणाखाली आहेत आणि एकावर देणगीदाराचे नावही रंगवलेले आहे. मग शेठजी म्हणाले, दुकानाचे सारे हिशेब सून पाहते, महिन्याकाठी ती शाळेचे कामही करून देईल. त्यालाही बाई तयार झाल्या नाहीत. कॅफेऐवजी दुकान, एवढाच फरक पडला असता.

दान देणारे हात आपल्या समाजात कमी नाहीत. वस्तू देणे मात्र सोपे असते. पावती होते, फोटो होतो, प्रसंग पार पडतो. शेजारी बसून कोणाला वर्षभर शिकवणे याची पावती होत नाही. बाईंना नेमकी तीच गोष्ट हवी होती.

पहिले दोन शनिवार शेठजींच्या नातवाने शिकवले. नातू बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षात, बुद्धीने तल्लख, मनानेही चांगला. पण त्याच्या बोटांना थांबणे ठाऊक नव्हते. बाई माउस धरून योग्य जागा शोधत असतानाच तो "मॅडम, द्या इकडे, हे बघा, असं" म्हणून माउस घेई, चार ठिकाणी टिचकी मारी आणि काम झालेले असे. बाई मान डोलावीत. मराठी लिहायचे तर तो इंग्रजी अक्षरांतून लिहायला सांगे. मुलाचे आडनाव इंग्रजीत कसे लिहायचे याचा विचार करण्यातच बाईंची पाच मिनिटे जात. दुसऱ्या शनिवारी घरी परतताना त्यांच्या वहीत एकही ओळ नव्हती.

"अण्णा, बाईंना तुम्हीच शिकवा," सुनेने त्या रात्री सांगितले. "२०१७ आठवतं ना?"

शेठजींना आठवत होते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या विक्रीकराच्या कटकटीबाहेर राहिलेला कापडाचा धंदा एका रात्रीत विवरणपत्रांच्या कक्षेत आला. सुरतेच्या कापडबाजाराने त्या महिन्यात दुकाने बंद ठेवली, ती केवळ कराच्या बोजामुळे नव्हे. या नव्या लिखापढीची धास्तीही त्यात होती. शेठजी तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. रोजमेळ आणि खतावणी त्यांच्या हाडीमाशी रुजलेली, पण टॅलीचा पडदा पाहिला की तळहात ओले होत. नवी आलेली सून त्यांच्या शेजारी बसली आणि सहा महिने बसत राहिली. तिने एकदाही माउस हाती घेतला नाही. सासऱ्याच्या हातून तो घेणे तिला प्रशस्त वाटले नसेल. पण त्या संकोचाचा परिणाम असा झाला, की सासरे शिकले.

म्हणून ती हाताची घडी. पुढे होणारा हात आवरण्याचा शेठजींना तेवढाच उपाय सापडला.

पहिल्या शनिवारी त्यांनी संगणक सुरूच केला नाही. निकालपत्रकाचा कागद टेबलावर पसरला आणि आपली जुनी खतावणी त्याच्या शेजारी उघडून ठेवली. प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक खाते. आडवी ओळ त्याची. प्रत्येक विषय म्हणजे एक उभा रकाना. आडव्या बेरजांची बेरीज आणि उभ्या बेरजांची बेरीज एक आली पाहिजे, तोच ताळा. बाई हसल्या. ताळा तर त्या मुलांना रोजच शिकवीत होत्या. पडद्यावरचा तक्ता हा या कागदाहून निराळा नाही, फक्त एक आकडा बदलला की पुढचे सारे आपोआप बदलते, एवढे समजल्यावर त्यांची अर्धी भीती गेली.

ही कल्पना मुळात आली तीही वर्गातच, हे येथे सांगण्याजोगे आहे. हार्वर्डमध्ये व्यवसायशिक्षण घेणारा डॅन ब्रिकलिन हा विद्यार्थी फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडणाऱ्या प्राध्यापकांना पाहत होता. एक आकडा चुकला की पुसा, पुढचा पुसा, पुन्हा लिहा. हा फळा स्वतःच स्वतःला दुरुस्त करील तर, असे त्याच्या मनात आले, आणि बॉब फ्रँकस्टनच्या साहाय्याने त्याने केलेला 'व्हिसिकॅल्क' १९७९ मध्ये बाजारात आला. आजचे एक्सेल त्याच वंशातले. खडूने हात पांढरे झालेल्या शिक्षिकेला ही हकीकत ऐकून परकेपणा थोडा कमी वाटला असेल, तर नवल नाही.

सुरुवातीचे महिने तक्त्यात नावे नव्हती, फक्त हजेरी क्रमांक होते. हा आग्रह सुनेचा. मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, जात ही माहिती कापडाच्या दुकानातील संगणकात राहता कामा नये, असे तिचे म्हणणे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्यात मुलांच्या माहितीला अधिक जपले आहे. पण कायदा नसता तरी हे म्हणणे रास्तच होते. डिसेंबरात बाईंनी मुलाचा जुना लॅपटॉप आणला, तेव्हापासून खरी नावे त्याच्यावरच. पासवर्ड टाकायची वेळ आली की शेठजी उठून खिडकीशी जात आणि रस्त्यावरची वर्दळ पाहत उभे राहत.

मराठी टंकलेखनाचा प्रश्न एका कागदाने सोडवला. इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्येच प्रमाण केलेला आहे आणि तो संगणकात आयताच असतो. त्याची मांडणी वर्णमालेला धरून आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. 'क'ची कळ शिफ्टसह दाबली की 'ख', 'ग'ची दाबली की 'घ', 'त'ची की 'थ'. ज्या बाईंनी आयुष्यभर बाराखडी घोटवून घेतली, त्यांना हे जड जाणार नव्हते. कळफलकाचे चित्र छापून त्यांनी घरी देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटवले. तीन आठवड्यांत बोटे चालू लागली. जोडाक्षरे थोडी अडली. पण हलन्ताची कळ मध्ये दाबायची, हे समजल्यावर त्यांनी पहिला पूर्ण शब्द लिहिला तो 'विद्यार्थी'. या पद्धतीने लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो, म्हणून तो कोणत्याही संगणकावर आणि मोबाइलवर तसाच उमटतो. जुन्या फाँटमधील प्रश्नपत्रिका दुसरीकडे उघडली की अक्षरांचा जो भुगा होतो, तो येथे होत नाही.

सूत्रांचे शिक्षण मात्र सावकाश झाले, आणि तेच बहारीचे होते. चौथीला आकारिक मूल्यमापनाचे साठ आणि संकलितचे चाळीस गुण. दोन्ही मिळून श्रेणी. ९१ पासून पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२, असे खाली. शेठजींनी संगणकाला हात न लावता सांगितले, "बाई, आधी हे मराठीत म्हणा." बाई म्हणाल्या, "जर गुण ९१ किंवा जास्त असतील, तर अ-१. नसतील, आणि जर ८१ किंवा जास्त असतील, तर अ-२." मग त्याच थबकल्या. "अहो, हे तर संकेतार्थी वाक्य झालं." एक्सेलचे 'इफ' म्हणजे व्याकरणातले जर-तर. त्या दिवशीचे सूत्र त्यांनी कंस मोजत स्वतः लिहिले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा सत्तावीस मुलांसमोर सत्तावीस श्रेणी उमटल्या.

गैरहजर मुलाचे काय लिहायचे, यावर एक पूर्ण शनिवार खर्च झाला. 'गैरहजर' असा शब्द लिहिला आणि अधिकाच्या चिन्हाने बेरीज मागितली, तर संगणक चूक दाखवतो. 'सम' या सूत्राने मागितली, तर शब्द सोडून उरलेल्या आकड्यांची बेरीज देतो. रकाना शून्य लिहून भरला, तर वर्गाची सरासरी खाली येते. शब्द लिहिला, तर ते मूल सरासरीत धरलेच जात नाही. शेठजींच्या दृष्टीने हा हिशेबाचा प्रश्न होता. बाईंच्या दृष्टीने नव्हता. परीक्षेला न आलेले मूल आणि परीक्षेत काहीच न आलेले मूल ही दोन वेगळी मुले आहेत, आणि दोघांसाठी करायचे काम वेगळे आहे. तक्त्यात 'गैरहजर' हाच शब्द राहिला.

एप्रिलात घात झाला, आणि तो शिकवणाऱ्याच्या हातून झाला. १ मेला निकाल द्यायचा होता. बाईंना यादी आडनावांच्या अकारविल्ह्याने हवी होती. त्यांनी नावांचा रकाना निवडला, सॉर्ट दाबले. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला : शेजारचे रकानेही बरोबर घ्यायचे, की निवडलेलाच रकाना हलवायचा? शेठजींनी घाईत दुसरा पर्याय सांगितला. नावे क्षणात क्रमवार लागली. गुण जागच्या जागी राहिले. प्रत्येक मुलाला दुसऱ्याच कोणाचे तरी गुण मिळाले.

शेठजींनी सवयीप्रमाणे ताळा पाहिला. आडवी बेरीज, उभी बेरीज, तंतोतंत जुळली. जुळणारच, कारण आकडे हललेच नव्हते. ते समाधानाने मागे टेकले. बाई मात्र पडद्याकडे पाहत राहिल्या.

"हिला गणितात बत्तीस? तीसपर्यंत पाढे पाठ आहेत हिचे. आणि हा दिवाळीनंतर दोन महिने मेंढरांबरोबर गेला होता, त्याला इंग्रजीत एक्क्याण्णव?" त्यांचे बोट एकेका नावावरून खाली सरकू लागले. "हे माझे पोरं नाहीत, शेठजी. काहीतरी झालंय."

कंट्रोल आणि झेड या दोन कळा दाबल्यावर केलेले काम मागे घेता येते, हे बाईंनी वहीत पूर्वीच लिहून ठेवलेले होते. त्यांनी त्या दाबल्या. नावे आपापल्या गुणांजवळ परत आली. मग सगळा तक्ता निवडून, कागदाशी ताडून, त्यांनी पुन्हा क्रम लावला. शेठजी त्या संध्याकाळी सुनेला म्हणाले, की चाळीस वर्षे ताळा जमला म्हणजे हिशेब खरा असे ते मानत आले; आज ताळा जमूनही सत्तावीस खाती चुकलेली त्यांनी पाहिली, आणि ती चूक पकडणारीला संगणक येत नव्हता म्हणून ते शिकवायला बसले होते.

शिक्षकाला तंत्र शिकवू पाहणाऱ्याने येथे क्षणभर थांबावे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला, याचा सर्वांना अभिमान आहे. पण प्रत्येक गुरुजींकडून तीच अपेक्षा धरणे आणि ती पुरी न झाल्यास त्यांना मागासलेले समजणे, हा अन्याय आहे. बाईंना नवे काही शोधायचे नव्हते. आपल्या वर्गाची यादी आपल्या डोळ्यांनी तपासता यावी, एवढेच हवे होते. ज्या घरात रोज जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात, टॅलीवर खाती उघडली जातात, त्या घरातील कोणालाही हे शिकवता येईल. त्यासाठी पैसा लागत नाही. लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. मुंबईच्या आयआयटीने चालवलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे छोटे धडे मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. धडा अर्ध्या पडद्यावर ठेवून उरलेल्या अर्ध्यावर स्वतः करून पाहायचे, अशी त्याची रीत. लागतो तो वेळ. आणि तोही जून-जुलैपासून. निकालाच्या आदल्या आठवड्यात कोणी शिकत नसते, तेव्हा माणूस फक्त काम उरकून मागतो.

बाईंनी स्वेच्छानिवृत्तीचा विषय पुन्हा काढला नाही. निकाल १ मेला झेंडावंदनानंतर वाटला गेला. जून महिन्यात यू-डायसची माहिती त्यांनी शाळेच्या वऱ्हांड्यात बसून स्वतः भरली. आवरणाखालच्या दोन संगणकांपैकी एक चालू निघाला.

त्यांच्या वहीची मात्र गोष्ट वेगळी झाली. तिच्यात प्रत्येक कृती त्यांनी आपल्या शब्दांत लिहिलेली होती. 'चौकोनाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर बाण नेला की काळी अधिकाची खूण दिसते. ती दिसल्याशिवाय ओढू नये.' 'तारीख डाव्या कडेला चिकटली तर ती तारीख नव्हे.' 'प्रश्न इंग्रजीत आला तर वाचल्याशिवाय हो म्हणू नये.' केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत एका शिक्षकाने ती पाहिली, मग दुसऱ्याने. पुढल्या आठवड्यात पेठेतील झेरॉक्सच्या दुकानात तिच्या प्रती निघाल्या. कोणत्याही छापील पुस्तकापेक्षा ती अधिक उपयोगी पडते असे शिक्षक म्हणतात, आणि ते समजण्यासारखे आहे. ती न येणाऱ्याने न येणाऱ्यासाठी लिहिली आहे.

श्रावणात सून माहेरी गेली होती. शेठजींना उधारीची यादी मोठ्या रकमेपासून लहान रकमेकडे लावायची होती. त्यांनी रकमांचा रकाना निवडला, सॉर्टवर बाण नेला आणि एप्रिल आठवून तेथेच थांबले. शेवटी फोन लावला.

"बाई, क्रम लावताना आधी काय निवडायचं?"

"एक मिनिट हं, शेठजी," पलीकडून आवाज आला. वर्गात मुलांचा गलका चालू होता. तो शांत केल्याचे ऐकू आले, मग वहीची पाने उलटल्याचे. "चौदावं पान. माउस हातात घ्या, मी सांगते."